'हॉट' कुठे चालतं आणि कुठे चटका देतं

मे महिन्यात नागपूरकराच्या तोंडी दिवसभर 'गरम' असतं. हवा गरम, नळाचं पाणी गरम, पोहे गरम, पोराचं अंग गरम, साहेबांचं डोकं गरम, पपई गरम आणि कपाटात पडलेला स्वेटरही गरम. आता या सातही ठिकाणी इंग्रजी 'हॉट' लावून बघा. पहिल्या तीन ठिकाणी ते बिनधास्त बसतं, चौथ्या ठिकाणी जपून वापरावं लागतं आणि उरलेल्या तिन्ही ठिकाणी बसतच नाही. उलट जिथे मराठी माणूस 'गरम' म्हणणारच नाही, त्या सावजी रश्श्याच्या तिखटाला इंग्रजी खुशाल 'हॉट' म्हणतं.

म्हणून 'हॉट म्हणजे गरम' एवढ्या पाठांतरावर भागत नाही. तोंडातून शब्द काढण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: गरम काय आहे? हवा, वस्तू, जीभ, अंग की डोकं? उत्तर मिळालं की वाक्याचा साचा आपोआप ठरतो. त्याच क्रमाने जाऊ.

हवा गरम असेल तर

'आज गरम आहे' याचं 'टुडे इज हॉट' अगदीच चूक नाही, पण रोजच्या बोलण्यात इंग्रजी माणूस 'इट्स हॉट टुडे' म्हणतो. या 'इट'ला स्वतःचा अर्थ नाही. पाट रिकामा दिसू नये म्हणून बसवलेला तो पाहुणा आहे, पण त्याच्याशिवाय पंगत सुरू होत नाही. 'आउटसाइड इज व्हेरी हॉट' आणि 'इन नागपूर इज व्हेरी हॉट' ही आपल्याकडची ठरलेली चुकीची वाक्यं, कारण आपण 'बाहेर खूप गरम आहे' मनात म्हणून शब्दाला शब्द लावतो. बरोबर रचना: 'इट्स व्हेरी हॉट आउटसाइड', 'इट गेट्स रिअली हॉट बाय इलेव्हन'. गावालाच कर्ता केलं तर 'इट' लागत नाही: 'नागपूर इज व्हेरी हॉट इन मे'.

दुसरी चूक तापमानाची. हवा 'हॉट' असते, तापमान 'हाय' असतं. 'द टेंपरेचर इज हॉट' असं म्हणत नाहीत. 'इट्स हॉट' म्हणा किंवा 'द टेंपरेचर इज हाय' म्हणा. आकडा सांगताना 'डिग्री'चं अनेकवचन करायचं: 'इट्स फॉर्टी-फाइव्ह डिग्रीज'. आपण मराठीत 'पंचेचाळीस डिग्री' म्हणतो, म्हणून शेवटचा 'ज' हमखास गळतो. हा 45 चा आकडा तसाही लक्षात ठेवण्यासारखा आहे. मैदानी प्रदेशात पारा 45 अंशांना पोहोचला की हवामान खातं 'हीट वेव्ह' म्हणतं आणि 47 ला 'सिव्हिअर हीट वेव्ह'. 'हॉट वेव्ह' म्हणायचं नाही.

इथे 'हॉट' आणि 'हीट' यांची वाटणी नीट लावून घ्या. 'हॉट' विशेषण आहे, त्याला कुणाचा तरी हात धरावा लागतो: हॉट डे, हॉट विंड, हॉट रूम. 'हीट' नाम आहे, ती एकटी उभी राहते. 'फार गरमी आहे'चं 'देअर इज टू मच हॉट' होत नाही. 'आय कान्ट स्टँड द हीट' म्हणजे ही गरमी सहन होत नाही. 'उन्हात फिरू नको' यात तर दोन्ही शब्द नकोत. ऊन म्हणजे 'सन', म्हणून 'डोन्ट वॉक अराउंड इन द सन'.

'व्हेरी' आणि 'टू' यांची गल्लत तर सगळीकडे दिसते. 'व्हेरी हॉट' म्हणजे खूप गरम. 'टू हॉट' म्हणजे नको इतकं गरम, आणि त्यामागे एक न झालेलं काम लपलेलं असतं. सीताबर्डीत दुपारी उन्हात लावलेल्या स्कूटरच्या सीटला हात लावून बघा: 'द सीट इज टू हॉट टू सिट ऑन'. बसवत नाही, हे 'टू'मध्येच आलं. म्हणून चहाचं कौतुक करायला कुणी 'द टी इज टू हॉट' म्हटलं, तर पाजणाऱ्याला ती तक्रार वाटेल.

गरमीच्या जातीही इंग्रजीत वेगळ्या आहेत. नवतपातलं, म्हणजे मे सरतानाच्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांतलं, कोरडं, भाजून काढणारं ऊन म्हणजे 'स्कॉर्चिंग'. जून सरताना दोन सरी पडून जातात, अंग चिकचिकतं आणि कूलर नुसता ओला वारा फेकतो, ते 'मगी' किंवा 'ह्यूमिड'. आपलं 'उकडतंय' हे या दुसऱ्या जातीचं. फरक कूलरच्या खसलाही कळतो. पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता शोषली जाते, तोच कूलरचा गारवा. हवेत आधीच बाष्प भरलेलं असलं की वाफ कमी होते आणि कूलर हात टेकतो. 'इट्स नॉट दॅट हॉट, बट इट्स मगी' हे जुलैतल्या नागपूरचं नेमकं वाक्य. दारं-खिडक्या बंद असलेल्या, जीव कोंडणाऱ्या खोलीला 'स्टफी' म्हणतात.

वस्तू गरम असेल तर

इथे पायऱ्या ओळखायच्या. कोमट म्हणजे 'लूकवॉर्म'. अंगाला सुखावणारं, हात घातला तर बरं वाटणारं ते 'वॉर्म'. हात मागे घ्यावासा वाटतो तिथे 'हॉट'. वाफाळतं जेवण 'पायपिंग हॉट'. अंगावर सांडलं तर कातडी सोलेल असं पाणी 'स्कॉल्डिंग'. आणि उकळतं ते 'बॉयलिंग'. पाणी 100 अंशांना उकळतं हे समुद्रसपाटीचं गणित. नागपूर सुमारे 310 मीटर उंचीवर आहे, इथे ते साधारण 99 लाच उकळतं. चहाला त्याचा काही फरक पडत नाही.

'बॉयलिंग' हवेबद्दलही चालतं, 'इट्स बॉयलिंग इन हिअर!' पण त्याला 'व्हेरी' लावू नका. 'बॉयलिंग', 'स्कॉर्चिंग' या शब्दांत 'खूप' आधीच कोंबलेलं आहे. जोर द्यायचाच तर 'अ‍ॅब्सोल्यूटली बॉयलिंग'.

स्वयंपाकघरात 'गरम कर' म्हणजे 'हीट इट अप' किंवा 'वॉर्म इट अप'. 'मेक इट हॉट' म्हटलं तर परका माणूस तिखट वाढवेल. 'तेल तापलं की मोहरी टाक' याचं 'वन्स द ऑइल इज हॉट, अ‍ॅड द मस्टर्ड सीड्स'. आणि 'गरमागरम वाढ' याचं 'सर्व्ह इट हॉट'. इथे 'हॉटली' लावायचा मोह होतो, कारण क्रियापदाला 'ली'वालं क्रियाविशेषण लागतं असं शाळेत शिकवलेलं असतं. पण गरम असणार आहे ते जेवण, वाढण्याची क्रिया नव्हे. 'हॉटली' बहुतेक वादावादीत येतं: 'हॉटली डिबेटेड', 'हॉटली डिनाइड', म्हणजे तावातावाने नाकारलेलं.

'अ नाइस हॉट कप ऑफ टी' यात गरम कप की चहा, असा कीस काढणारे लोक इंग्रजीतही आहेत. त्यांच्याकडे लक्ष देऊ नका, वाक्य बरोबर आहे. क्रम मात्र पाळा: आधी मत, मग गुण. 'हॉट नाइस कप' होत नाही.

एक खड्डा खास आपल्या देशातला. आपल्याकडे 'हॉट ड्रिंक' म्हटलं की व्हिस्की-रम डोळ्यांसमोर येते. इंग्लंडमध्ये 'वुड यू लाइक अ हॉट ड्रिंक?' विचारणारी आजीबाई चहा-कॉफीच विचारत असते. परदेशी पाहुण्याशी बोलताना दारूला 'स्पिरिट्स' किंवा सरळ 'अल्कोहोल' म्हणा.

जीभ भाजत असेल तर

नागपुरात या शब्दाची खरी परीक्षा पोह्यांच्या ठेल्यावर होते. प्लेटमध्ये पोहे, वरून काळ्या चण्याची तर्री, तिच्यावर लाल तेलाचा तवंग. बाहेरगावाहून आलेला एक पाहुणा आणि ठेलेवाला भाऊ यांच्यातला हा संवाद कल्पून बघा:

'इज इट हॉट?'

'यस सर, व्हेरी हॉट! जस्ट नाउ मेड!'

पाहुणा हात मागे घेतो. त्याने विचारलं होतं तिखट आहे का, भाऊने सांगितलं आत्ताच उतरवलेत, वाफाळते आहेत. दोघांचंही इंग्रजी बरोबर, फक्त 'हॉट' दोन.

सुटका सोपी आहे. ताप आणि तिखट यांतलं काय म्हणायचंय ते शेपटीला जोडा: 'हॉट, अ‍ॅज इन चिली-हॉट?' किंवा थेट 'स्पायसी' वापरा. उत्तर देताना 'द पोहा इज माइल्ड, द तर्री इज व्हेरी स्पायसी. आय कॅन गिव्ह यू लेस तर्री.' 'माइल्ड' हा शब्द आपल्याकडे कमी वापरला जातो, पण कमी तिखटाला तोच नेमका आहे. 'स्वीट' म्हणू नका. 'नॉट स्पायसी, स्वीट' ऐकून माणूस साखरेची वाट बघतो. ब्रिटनमधल्या करी हाउसच्या मेनूवर 'माइल्ड, मीडियम, हॉट' अशी चढण असते. अमेरिकेत तिखटाला 'हॉट'पेक्षा 'स्पायसी' जास्त ऐकू येतं.

काटेकोर बोलायचं तर 'स्पायसी' म्हणजे मसालेदार आणि 'हॉट' म्हणजे तिखट. वेलची-जायफळाचा शिरा 'स्पाइस्ड' आहे, पण 'हॉट' नाही. नुसती हिरवी मिरची चावली तर ती 'हॉट' आहे, मसालेदार नाही. कोष्टी समाजाच्या घरांतून खानावळीत आलेला सावजी रस्सा मात्र दोन्ही: लाल मिरचीमुळे हॉट आणि लवंग, मिरे, दगडफूल यांच्या वाटणामुळे स्पायसी. रोजच्या बोलण्यात इंग्रजी माणूसही हा भेद दर वेळी पाळत नाही. पाककृती लिहायला बसलात तर मात्र पाळा. आणि तिथे 'दोन चमचे तिखट' आलं तर 'हॉट'ही नको, 'स्पायसी'ही नको. ते नाम आहे, 'टू टीस्पून्स ऑफ रेड चिली पावडर'.

इंग्रजीने ताप आणि तिखट एकाच शब्दात का बांधले, याची गंमत शरीरातच आहे. आपल्या मज्जातंतूंवर एक ग्राहक (संवेदना टिपणारा 'रिसेप्टर') असतो, टीआरपीव्ही-1 नावाचा. साधारण 43 अंशांपुढची उष्णता लागली की तो उघडतो आणि मेंदूला 'भाजतंय' असा निरोप जातो. मिरचीतलं कॅप्सायसिन त्याला चिकटलं तरी तो तसाच उघडतो आणि मेंदूला तोच निरोप मिळतो. हा ग्राहक 1997 साली डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने शोधला आणि 2021 च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. म्हणजे 'हॉट चिली' ही नुसती उपमा नाही. तर्री गरम असली की जास्त झोंबते त्यामागेही हेच आहे, दोन्ही कारणं एकाच दारावर धक्का देतात.

तिखट लागल्यावरची वाक्यंही जवळ ठेवा. 'माय माउथ इज बर्निंग', 'माय माउथ इज ऑन फायर'. पाहुणा पाण्याकडे धावला तर 'वॉटर वोन्ट हेल्प, हॅव सम कर्ड'. कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही, दुधा-दह्यातल्या स्निग्धांशात आणि प्रथिनांत ते पकडलं जातं.

अंग गरम असेल तर

इथे जपून. 'माय बॉडी इज हॉट' हे वाक्य दवाखान्यात विचित्र वाटतं आणि बाहेर त्याहून विचित्र. आधी ठरवा: उकडतंय की ताप आहे?

उकडत असेल तर 'आय अ‍ॅम फीलिंग हॉट' किंवा 'आय फील हॉट'. 'आय अ‍ॅम हॉट' चूक नाही. खिडकी उघडताना, कपाळाचा घाम पुसताना इंग्रजी माणूस तेच म्हणतो. पण संदर्भ नसताना, विशेषतः चॅटवर, त्याचा अर्थ 'मी भारी आकर्षक आहे' असा होतो. 'फीलिंग' जोडलं की धोका बराच टळतो. हाच न्याय दुसऱ्याबद्दल. 'शी इज हॉट' म्हणजे तिला उकडतंय असं कुणी ऐकणार नाही. हे शेरेबाजीचं वाक्य आहे आणि मिहानमधल्या (नागपूरच्या आयटी-उद्योग वसाहतीतल्या) ऑफिसात एचआरकडे तक्रार जायला पुरेसं आहे. सहकाऱ्याला उकडत असेल तर 'शी इज फीलिंग द हीट'. सुंदर दिसण्याबद्दल बोलायचं असेल तर 'यू लुक नाइस' एवढ्यावर थांबावं.

ताप असेल तर 'ही हॅज अ फीव्हर' किंवा 'ही इज रनिंग अ टेंपरेचर'. इथे 'टेंपरेचर' म्हणजेच ताप. कपाळाला हात लावून बघितल्यावर 'हिज फोरहेड फील्स हॉट' चालतं, कारण ते हाताला लागलेलं आहे. थर्मामीटरने 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त दाखवलं की त्याला ताप म्हणतात.

'ऊन लागलं' हा मोठा शब्द आहे, त्याचे दोन भाग करावे लागतात. घाम, गरगरणं, थकवा, मळमळ एवढंच असेल तर 'हीट एक्झॉशन'. अंग 104 फॅरनहाइटच्या वर तापलं आणि माणूस असंबद्ध बडबडू लागला किंवा शुद्ध हरपली तर 'हीट स्ट्रोक', आणि तिथे व्याकरण बाजूला ठेवून 108 ला फोन करायचा, मराठीतच.

आता पपई. 'पपई गरम पडते', 'अंगात उष्णता झाली' यांना नेहमीच्या इंग्रजीत शब्दच नाही. 'पपाया इज हॉट' म्हटलं तर समोरचा फळ उन्हात ठेवलं होतं असं समजेल. सिंगापूर-मलेशियाकडच्या इंग्रजीत 'हीटी' असा शब्द आहे, तो तिकडेच समजतो. मराठी न येणाऱ्या डॉक्टरपुढे उष्णतेचं भाषांतर करत बसू नका, काय होतंय ते सांगा. तोंड आलं असेल तर 'आय हॅव माउथ अल्सर्स', लघवीला जळजळ असेल तर 'इट बर्न्स व्हेन आय पास युरिन', तळपायांची आग होत असेल तर 'द सोल्स ऑफ माय फीट आर बर्निंग'. औषध लक्षणावर मिळतं.

डोकं आणि स्वेटर

'साहेबांचं डोकं गरम झालं' म्हणजे 'ही लॉस्ट हिज टेंपर'. 'हिज हेड बिकेम हॉट' म्हटलं तर डोक्यावर बाम चोळतील. स्वभावच तसा असेल तर 'हॉट-टेंपर्ड' किंवा 'हॉट-हेडेड', हे तापट या अर्थी. त्यातही 'हॉट-हेडेड'मध्ये विचार न करता उडी घेण्याची छटा आहे. गरमागरम वाद हा मात्र 'हीटेड आर्ग्युमेंट', 'हॉट आर्ग्युमेंट' नव्हे.

जिथे माया किंवा ऊब आहे तिथे 'हॉट' कधीच नाही. गरम कपडे 'वॉर्म क्लोद्स', मनापासूनचं स्वागत 'वॉर्म वेलकम', ईमेलच्या शेवटी 'वॉर्म रिगार्ड्स'. 'हॉट वेलकम' लिहिलेलं बॅनर लागलं की फोटो फिरतोच.

तुलना

हॉट, हॉटर, हॉटेस्ट. लिहिताना 'टी' दुप्पट करा, कारण शब्द एकाच उच्चार-तुकड्याचा (सिलेबलचा) आहे आणि शेवटच्या एकट्या व्यंजनाआधी एकच स्वर आहे. 'बिग', 'वेट', 'थिन' यांचंही तसंच होतं. 'मोअर हॉटर' म्हणजे एकाच पोळीला दोनदा तूप. 'व्हेरी हॉटर'ही नाही, 'मच हॉटर': 'चंद्रपूर इज ऑफन हॉटर दॅन नागपूर', 'टुडे इज मच हॉटर दॅन येस्टरडे'. 'मोअर हॉट' फक्त एका ठिकाणी चालतं, एकाच वस्तूचे दोन गुण तोलताना: 'द रस्सा इज मोअर हॉट दॅन टेस्टी'. हे सावजीवाल्याच्या समोर म्हणू नका.

वाक्प्रचारांतलं हॉट

यातले मोजकेच रोज लागतात. 'इन हॉट वॉटर' म्हणजे अडचणीत सापडलेला, आंघोळ करणारा नव्हे. 'हॉट एअर' म्हणजे पोकळ बाता, इतवारीच्या झळांशी त्याचा संबंध नाही. 'सेलिंग लाइक हॉट केक्स' म्हणजे हातोहात खपणं. 'हॉट पोटॅटो' म्हणजे कुणालाच हातात धरायचा नसलेला प्रश्न. 'ब्लो हॉट अँड कोल्ड' म्हणजे घडीत हो, घडीत नाही. 'स्ट्राइक व्हाइल द आयर्न इज हॉट'साठी लोक तापल्या तव्यावर पोळी भाजून घेण्याची म्हण काढतात, पण तिला संधिसाधूपणाचा वास आहे आणि इंग्रजी म्हणीला तो नाही. 'लोखंड गरम असताना घाव घालावा' हे जास्त जवळचं.

'हॉटलाइन' मुळात दोन सरकारांमधली थेट तार. वॉशिंग्टन-मॉस्को दरम्यानची 1963 साली सुरू झाली आणि ती टेलिफोन नव्हती, टेलिप्रिंटर होता. मोबाइलचं 'हॉटस्पॉट' एकच शब्द म्हणून लिहितात. 'हॉटेल'चं 'हॉट'शी काही नातं नाही. तो फ्रेंचमधून आलेला शब्द आहे आणि 'हॉस्पिटल'चा चुलतभाऊ लागतो.

उच्चार

ब्रिटिश 'हॉट'मधला 'ऑ' तुटक आहे. आपण तो 'हॉल'सारखा लांबवतो. पटकन तोडा. तोंड आडवं पसरलं तर ते 'हॅट' होतं, म्हणजे टोपी. 'हट' झालं तर झोपडी. 'हीट'मधली 'ई' मात्र ओढायची, नाहीतर 'हिट' होतं आणि 'हिट वेव्ह'मध्ये कोण कुणाला मारतंय ते कळत नाही. अमेरिकन माणूस 'हॉट'ला जवळजवळ 'हाट' म्हणतो, त्यामुळे फोनवर 'हार्ट' ऐकल्यासारखं वाटतं. तिथे 'आर' ऐकू आला का ते बघा. अमेरिकन जीभ 'हार्ट'मधला 'आर' गिळत नाही, म्हणून तो नसेल तर समोरचा गरमीबद्दलच बोलतोय.